डावखुरे

पहिला पत्रा कायतानने दिला.
तारवटी माणूस, बोटीवरून उतरला की
थेट माझ्या खुर्चीत. अकरा दाढ्यांची उधारी.
"पैसे नाहीत रे. हे घे. बाल्टिमोरच्या
जुन्या बाजारात एका म्हातारीने
कपबश्यांवर फुकट दिलं."
पत्त्याएवढा लोखंडी पत्रा,
त्यावर एक चांभार, मांडीवर बूट,
डाव्या हातात हातोडी.

पुढच्या फेरीला सुतार आणला. मग एक पोदेर.
मग बर्फवाला.
प्रत्येकाच्या हातात आपापलं हत्यार,
आणि सगळे डावरे.
"तिकडं तसंच असेल," कायतान म्हणाला,
"गाड्यासुद्धा उजवीकडून हाकतात."

रात्री शटर अर्धं ओढून
मी पत्रा आरशासमोर धरला.
चांभार उजवा झाला.
कोटाची बटणं जागेवर आली.
पोदेरामागची पाटी, जी मी
कुठली तरी परकी लिपी म्हणून सोडून दिली होती,
सरळ झाली: ब्रेड, केक, तीन सेंट.
हसू आलं. एकतीस वर्षं मी
काचेवरचं माझंच नाव आतून उलटं वाचतोय,
मला तरी कळायला हवं होतं.

आता सदतीस आहेत,
बिस्किटांच्या डब्यात.
आधी तांदळात ठेवायचो, दोन गंजले.
आता चपलांच्या दुकानातला कामिल
"खाऊ नये" लिहिलेल्या पुड्या आणून देतो.
म्हापशाचा जुलै लोखंड खातो.
न्हावी अजून मिळालेला नाही.
कायतानला सांगून ठेवलंय.

हलू नये म्हणून तेव्हा
मानेमागे लोखंडी चिमटा लावत म्हणे.
नीट पाहिलं तर सुताराच्या टाचांमागे
चिमट्याचा पाय दिसतो, तिसऱ्या बुटासारखा.
मी कानशिलाला दोन बोटं लावतो,
तेवढ्यात गिऱ्हाईक श्वास धरतं.

शिरसाट मास्तर विचारतात,
आपली माणसं सोडून ही कसली रे भरती?
मी त्यांची मान हलकेच वळवतो.
आपल्या माणसांचे फोटो आहेत, मास्तर.
लग्नातले, आणि गेल्यावर हार घातलेले.
बाबांना एकदा स्टुडिओत नेलं होतं,
मडगावच्या आत्याचा हट्ट.
फोटोवाला म्हणाला, पेटी बाहेर ठेवा.
बाबांनी ठेवली. वस्तरा, पट्टा, तुरटी,
सगळं पायरीवर राहिलं,
आणि चौकटीत आला
कोणाचा तरी कोट घातलेला एक माणूस.
हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नाहीये.

रविवारी मासळीबाजारातला पुतू आला.
बर्फाच्या लाद्या वाहतो.
साबण लावायच्या आधी मी त्याला
डब्यातला बर्फवाला दाखवला:
खांद्यावर लादी, मुठीत आकडा,
लादीची एक कड पुसट.
तेवढ्या सेकंदांत वितळली असणार.
माणूस थांबला, बर्फ थांबला नाही.
पुतूने पत्रा उजेडात तिरका केला.
"भुसा दिसत नाही," म्हणाला.
"फोटोसाठी धुवून आणलीय."
मग सगळी दाढी होईपर्यंत गप्प.
तुरटी फिरवताना म्हणाला,
"माझा काढशील?"

सोमवारी दुकान बंद असतं.
तो मागच्या दाराने आला, अख्खी लादी घेऊन,
धुतलेली.
भाच्याचा मोबाईल मी स्टुलावर
पावडरच्या डब्याला टेकवून उभा केला.
पुतूच्या मानेला हात लावून म्हणालो, हलू नकोस.
तशी आता गरज नसते.
तरी तो हलला नाही,
मी "झालं" म्हटल्यावरही नाही.

नंतर फरशी पुसायला घेतली.
बर्फाचं पाणी, रविवारचे राहिलेले केस,
एकाच फडक्यात आले.